रिठ्याच्या पाण्यात धुतलेली काच

आमच्या घरात दागिने आणि सोन्याचा थर चढवलेल्या काचा कपाटाच्या एकाच चोरखणात असायच्या. त्यामागं काही भावना नव्हती. बारामतीच्या जळोचीतलं आमचं घर एमआयडीसीच्या वाऱ्यात येतं. खिडकी लावली तरी फडताळावर धूळ बसते, आणि दुपारनंतर दूध डेअरीचा आंबूस वास येतो. लोखंडी कपाटाचा आतला खण ही घरातली त्यातल्या त्यात कोरडी जागा. बायको औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिकाच्या पुड्या जमवून तिथं टाकायची. त्या पुड्या काचांसाठी असायच्या. बांगड्यांना त्यांची गरज नव्हती.

मी इथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करायची. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायची, शनिवारी दुपारी परत यायची. येताना तिच्या पर्समध्ये एक चपटी प्लॅस्टिकची डबी असायची. आत चिकट गादी आणि गादीवर टिकलीच्या पाकिटाएवढी काच. काचेवर सोन्याचा थर. तो इतका पातळ, की काच खिडकीसमोर धरली तर सोन्यातून पलीकडचं लिंबाचं झाड दिसायचं आणि सगळंच हिरवट दिसायचं. सोनं आरपार हिरवं दिसतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्ष पाहिलं ते तिच्या काचेतून, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत.

त्या सोन्यावर ती लेझरनं रेघा काढायची. सोन्यावर मधासारखा दाट द्रव पसरायचा आणि त्यात लेझरचे अतिशय आखूड स्पंद भिंगानं एका बिंदूत आणायचे. जिथं उजेड सगळ्यांत दाट होतो तेवढ्याच ठिकाणी तो द्रव घट्ट होतो, आजूबाजूला पातळच राहतो. तो बिंदू हळूहळू सरकवत न्यायचा आणि शेवटी उरलेला द्रव धुऊन टाकायचा. सोन्यावर उभी राहते एक बारीक रेघ. केसाच्या जाडीचे शंभर-दीडशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी रुंद. ह्या कामाला प्रयोगशाळेत लिहिणं म्हणतात.

त्या रेघा कशासाठी, तर उजेडाला वाट म्हणून. उजेड धातूवर पडला की परततो, हे सगळ्यांना माहीत असतं. पण योग्य जागी, योग्य रीतीनं टाकला तर त्यातला थोडा परत जात नाही. तो पृष्ठभागालाच धरून राहतो आणि सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांना हलवत लाटेसारखा पुढं सरकतो. वर रेघ असेल तर रेघेखालून, तिच्या आधारानं जातो. फार लांब जात नाही. केसाच्या जाडीएवढं अंतर कापलं तरी आम्हाला पुष्कळ वाटायचं. वाटेत तो सोन्यात जिरतो, सोनं कळणारही नाही इतकं गरम होतं, आणि संपतं. जाता जाता थोडा खालच्या काचेत झिरपतो. तो झिरपलेला उजेड खालून गोळा केला की कॅमेऱ्यात वाट दिसते.

तो गोळा करण्याचं काम माझं. कॉलेजच्या जुन्या डार्करूममध्ये मी एक सूक्ष्मदर्शक, एक लहान लेझर आणि एक कॅमेरा जुळवून तशी सोय केली होती. महागडं यंत्र पुण्यात, वाचायची सोय बारामतीत. ती लिहायची, मी वाचायचो. फक्त एक ठरलेलं होतं. नवी काच पहिल्यांदा बघताना दोघांनी असायचं. लिहिलंय मी आणि आधी तू बघणार हे चालायचं नाही, असं ती म्हणे. चित्र नीट यायला कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात टेबल हललं तर सगळं फिसकटतं. म्हणून पंखा बंद, बोलणं बंद, दोघं दोन स्टुलांवर. तिला नेमकं तेव्हाच हसू यायचं. बरीच चित्रं तिच्या हसण्यामुळं पुन्हा काढावी लागली.

तिचं माहेर इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरला. घरचा ऊस. ती तिच्या आईला हे काम समजावून सांगत होती ती दुपार मला आठवते. मी तिच्या आईला मामी म्हणतो. मामी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"म्हंजी सऱ्या पाडल्यागत करतीस तू."

"व्हय. बारीक वरंबे घालायचे सोन्यावर. मग त्यातनं उजेड सोडायचा."

"सरीतनं?"

"न्हाय गं. वरंब्यातनं जातो."

मामींनी शेंग फोडायची थांबवली. "पाणी सरीतनं जातं. तुजं वरंब्यातनं? उलटं पाणी द्यायला एवढं शिकलीस व्हय? ते तुजा आज्जा न शिकता करत व्हता."

बाहेर बाजेवर बसलेले आबा, म्हणजे माझे सासरे, तिथूनच म्हणाले, "माज्या बापाला मदी आणू नगा."

सगळे हसले. मीही हसलो असणार.

तिचं शेवटचं वर्ष एका वळणात गेलं. सरळ रेघेतून उजेड नेणं जमलं होतं. अडचण वळणाची होती. रेघ घट्ट वळवली की उजेड वळत नाही, सरळ बाहेर सांडतो. सैल वळवली की वाट लांबते आणि वळण संपायच्या आत तो सोन्यात जिरून जातो. ह्या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी एक वळण असायला हवं. लहानपणी उसाला पाणी देताना पाटाच्या वळणावर फावडं घेऊन तिला उभं करायचे, कारण पाणी फुटतं ते वळणावरच. ती म्हणायची, मी शाळा बदलली, काम तेच राहिलं.

आणखी एक वाद आमच्यात कायम होता. सोनं नुसत्या काचेवर नीट धरत नाही. खाली क्रोमियमचा एक अगदी पातळ थर दिला की धरतं, पण क्रोमियम थोडा उजेड खातं. मी म्हणायचो, देऊ नकोस. ती म्हणायची, सोनंच राहिलं नाही तर खायला उजेड तरी कुठून येणार. तिनं थर दिला, पण माझ्यासाठी नेहमीपेक्षा पातळ दिला.

त्या वळणांची काच तिनं एका शनिवारी आणली. त्या आठवड्यात कॉलेजात परीक्षा होत्या आणि डार्करूम प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला घेतली होती. पुढच्या शनिवारी बघू, असं ठरलं. तिनं डबी उघडून मला काच दाखवली, खिडकीसमोर धरून. डोळ्यांना अर्थातच काही दिसत नाही, थोडी धूसर जागा दिसते. ती म्हणाली, "बरीच वळणं आहेत ह्यात. मधलं एक वळणार बघ." मग डबी चोरखणात ठेवली.

पुढच्या शनिवारी ती नव्हती. मधल्या बुधवारी पुण्यात, खोलीवर, सकाळी डोक्यात रक्तस्राव झाला. मी पोचलो तेव्हा काही करण्यासारखं उरलं नव्हतं. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. लपवायचं काही नाही. आठवायला गेलं की दवाखान्याच्या जिन्यावरची एक कुंडी आठवते आणि बाकीचं आठवत नाही.

नंतरचं सगळं नीट पार पडलं. बायका आल्या, त्यांनी तिला हिरवी साडी नेसवली, ओटी भरली. अहेव गेली, भाग्याची, असं त्या म्हणत होत्या. ते मला शेजारच्या घरातल्या रेडिओसारखं ऐकू येत होतं. अस्थी नरसिंहपूरला भीमा-नीरेच्या संगमावर सोडल्या. पाणी संथ होतं. एक माणूस पलीकडच्या काठावर म्हैस धूत होता. त्यानं थांबून हात जोडले आणि मग पुन्हा म्हैस धुवायला लागला.

तेराव्यानंतर मामी मला म्हणाल्या, "पावणं, तिचं सोनं मी घेऊन जाते. धुते आन ठिवते. माजी पुतणी मोठी झाली की तिच्या कामाला येईल. तुमची हरकत नसंल तर."

माझी कशालाच हरकत नव्हती. मी चोरखण उघडला आणि त्यात होतं ते सगळं त्यांच्या पिशवीत ओतल्यासारखं दिलं. पाटल्या, मंगळसूत्र, कानातलं, सिलिकाच्या पुड्या, प्लॅस्टिकची डबी. मी तेव्हा काय बघत होतो कोण जाणे.

कॉलेज सुरू केलं. लोक म्हणाले, कामात मन गुंतेल. मन गुंतलं नाही, पण काम होत राहिलं. एस.वाय.च्या मुलांना व्यतिकरण शिकवलं. फळ्यावर आकृती काढली, ती बरोबर होती. घरी आलो की वाचायला बसायचो. एकच पान उघडलेलं असायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच पान उघडायचं. चहावर साय धरायची, ती काढून प्यायचो. डार्करूम मोकळी झाल्याचं शिपायानं सांगितलं, तेव्हा काच आठवली. घरी जाऊन चोरखण उघडला. रिकामा. खण रिकामा का आहे हे समजायला थोडा वेळ लागला.

मी मामींना फोन लावला.

"मामी, दागिन्यांबरोबर एक चपटी डबी आली होती का? प्लॅस्टिकची."

"हाय की. त्यातला सोन्याचा पत्रा बी धुवून ठिवलाय."

"धुतला?"

"सगळंच धुतलं. आदी दुधानं, मग रिठ्याच्या पाण्यात. गेलेल्या माणसाचं सोनं तसंच कसं ठिवायचं?" मग जरा थांबून म्हणाल्या, "काय झालं?"

"काही नाही. येतो मी रविवारी."

रिठ्याच्या पाण्यात मी माझ्या आईलाही दागिने धुताना पाहिलंय. रिठे रात्रभर भिजत घालायचे, सकाळी चोळून फेस काढायचा, त्यात दागिने टाकायचे आणि जुन्या टूथब्रशनं हलक्या हातानं घासायचे. दागिन्याला त्यानं काही होत नाही. उलट तो उजळतो. सोन्याशी वागायची ती आमच्याकडची सगळ्यांत मायेची रीत आहे. पण त्या काचेवरचं सोनं बेगडाहूनही पातळ होतं, आणि त्यावरच्या रेघांना तर नुसतं बोट लावायचीही आम्हाला भीती वाटायची.

रविवारी मोटारसायकल काढली. इंदापूरच्या अलीकडे उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकामागं एक. त्यांच्या मागं मागं जात राहिलो. एरवी मला ओलांडायची घाई असते. इंदापूरच्या स्टँडसमोर चहा घेतला. चहावाल्यानं विचारलं, "मॅडम न्हाय आल्या?" दोघं नेहमी तिथं थांबायचो. मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "बरं." त्याला सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर त्याचा चेहरा बघत उभं राहावं लागलं असतं.

नरसिंहपूरला जेवायला वाढलं होतं. बाजरीची भाकरी, वांगं, ठेचा. आबा उसाच्या तोडीबद्दल बोलत राहिले, टोळी कधी येणार, ड्रायव्हर कसा अडवून बसतो. मी हो हो करत होतो. जेवण झाल्यावर मामींनी एका स्वच्छ रुमालात बांधलेली डबी आणून माझ्या हातात दिली.

"लेकीनं जपून ठिवलं व्हतं. चिकाट व्हतं जरा, म्हणून नीट धुतलं."

मी डबी उघडली. मधलं सोनं गेलं होतं. काचेच्या मध्यावर, जिथं तिची वळणं होती, तिथं ब्रशच्या केसांच्या समांतर रेघा उमटल्या होत्या आणि त्यांच्यामधून नुसती काच दिसत होती. कडेला, विशेषतः एका कोपऱ्यात, सोनं टिकलं होतं. काच अगदी स्वच्छ होती. उन्हात चमकत होती.

मामी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"चांगलं आहे," मी म्हणालो. "छान उजळलंय."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि उष्टी ताटं उचलून आत गेल्या. आत बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

संगमाकडं मी गेलो नाही. सरळ परत आलो.

त्या आठवड्यात पुण्याहून तिच्या मार्गदर्शकांचा फोन आला. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी काचेची चौकशी केली. मी म्हणालो, खराब झाली. कशी ते सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. ते म्हणाले, "काळजी करू नका. तिची सगळी मापं संगणकात आहेत. दुसरी विद्यार्थिनी पुन्हा लिहील तसंच. काम थांबणार नाही." हे अगदी खरं होतं. ते वळण कुणालाही लिहिता येण्यासारखं होतं, म्हणून तर ते विज्ञान. मी आभार मानले. फोन ठेवल्यावर मला कळलं, की मला हवंय ते ह्यापेक्षा लहान आहे. वळण जमतं की नाही, हे कधी ना कधी कळेलच. तिच्या हातचं वळलं होतं की नाही, एवढंच मला बघायचं होतं. आणि ते बघायला एकच काच होती.

दुसऱ्या दिवशी काच साध्या उजेडात सूक्ष्मदर्शकाखाली घातली. लेझर लावला नाही. फक्त काय उरलंय ते बघायचं होतं. मधला भाग नांगरल्यासारखा झाला होता. रेघा मुळापासून निघाल्या होत्या, एखादी अर्धी वाकून दुसरीवर पडली होती. ती म्हणाली होती ते मधलं वळण कुठलं, हे ओळखण्याची आता सोय नव्हती. मग कोपऱ्याकडं सरकलो. तिथं सोन्यावर रुंद, तेलकट पट्टे दिसले, एकाशेजारी एक, सारखे वळत गेलेले. हे काय हे कळायला वेळ लागला, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ते फार मोठे दिसतात. अंगठा होता. ब्रश मारताना मामींनी काच ह्या कोपऱ्यावर अंगठा दाबून धरली होती. तेवढी जागा ब्रशपासून वाचली होती. तिच्या पातळ क्रोमियमनं तिथलं सोनं धरून ठेवलं होतं.

अंगठ्याच्या दोन रेषांच्या मधल्या मोकळ्या जागेत एक वळण होतं. अखंड. तिनं मला दाखवलेल्या धूसर जागेतलं हे नव्हतं. काचेवर उरलेल्या जागेत, काम संपता संपता, एखादं जास्तीचं काढून बघावं तसं काढलेलं. त्याच्याबद्दल ती काही बोलली नव्हती.

मी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. लेझर तिथंच होता, हाताच्या अंतरावर. लावला नाही. पहिल्यांदा एकट्यानं बघायचं नाही असं ठरलेलं होतं. ज्याच्याशी ठरलं तेच माणूस नसताना हे पाळण्यात काही अर्थ नाही, हे मला समजत होतं. तरी लावला नाही. काच डबीत ठेवली आणि तासाला गेलो.

महिना भरला तेव्हा आबा आणि मामी जळोचीला आले. पान वाढलं, कावळ्याला ठेवलं. तिच्या आवडीचं म्हणून मामींनी शेंगदाण्याची आमटी केली होती. दुपारी मामी पदराला हात पुसत म्हणाल्या, "पावणं, ती काम करायची ती जागा मला बघायचीय."

"ती पुण्याला काम करायची, मामी."

"पुण्याची न्हाय. हितली. तुमी दोघं बसायचा ती."

कॉलेज बंद होतं. शिपायाकडून किल्ली घेतली. आबांनी डार्करूमच्या दारातून आत डोकावलं, काळे पडदे आणि काळा कागद बघितला. "एवढ्या अंधारात काय पिकतं?" असं म्हणून ते पुन्हा बाहेर गेले आणि आवारातल्या कट्ट्यावर शिपायाजवळ बसले.

मामी तिच्या स्टुलावर बसल्या. मी सांगितलं नव्हतं कुठलं तिचं ते. दाराजवळचं सोयीचं होतं, म्हणून त्या त्यावर बसल्या असतील. त्यांनी टेबलाला हात लावून बघितला, मग हात मांडीवर घेतला.

"तो पत्रा हितं घालायचा?"

"हो."

"घाला की मग. मला दावा, काय करायची ती."

मी काच लावली. भिंगावर तेलाचा थेंब सोडला. काच फिरवून तो कोपरा शोधला. लेझर सुरू केला. गडद तांबडा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा. संगणकाच्या पडद्यावर सगळं काळं होतं. ठिपका रेघेच्या तोंडाशी आणायला थोडा वेळ लागतो.

मग रेघ उजळली.

"ह्यो उजेड," मी सांगू लागलो. त्यांच्याशी बोलताना माझी भाषा थोडी त्यांच्यासारखी होते. "हा असा शिरला. हे सरळ चाललंय. हळूहळू फिकं होतंय ना, ते सोन्यात जिरतंय."

"पाटाच्या पाण्यागत."

"तसंच. आणि आता हे वळण."

वळणाच्या तोंडाशी एक धुरकट पांढरा फराटा सरळ पुढं गेला होता. बाहेर सांडलेला उजेड. बराच होता. मी पडद्याकडं बघत राहिलो. आत काही व्हायला हवं होतं असं वाटलं. झालं नाही.

"फुटलं की," मामी म्हणाल्या.

"फुटलं."

त्या स्टुलावरून पुढं वाकल्या, नाक पडद्याला लागेल इतक्या. "न्हाय, थांबा. हितं बघा. थोडं गेलंय पल्याड."

मी कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवली. पडदा कणीदार झाला. वळणाच्या पलीकडं, रेघेच्या दुसऱ्या टोकाकडं, एक फिकट कड होती. केसभर लांबसुद्धा नाही. पण ती रेघेवरच होती, वळलेली होती, आणि टोकापर्यंत जात होती.

"हो," मी म्हणालो. "गेलंय."

"लई न्हाय."

"लई नाही. पण गेलंय."

मग त्यांनी विचारलं, "हिच्यावर अशा लई व्हत्या ना काढलेल्या? ती म्हनली व्हती मला फोनवर. बाकीच्या कुटं गेल्या?"

आधीच झिजल्या होत्या असं काहीतरी सांगता आलं असतं. मी तोंड उघडायच्या आत मामींनी कमरेला खोचलेली कापडी पिशवी काढली. तिच्यातून एक घडी केलेलं पांढरं फडकं काढलं आणि पडद्याच्या उजेडात मांडीवर उघडलं.

फडक्याच्या मधोमध सोन्याची चमक होती. फार बारीक, धुळीसारखी, काही ठिकाणी पापुद्र्यासारखी. कापडाच्या विणीत अडकून बसलेली.

"हितं हायत," त्या म्हणाल्या.

मी फडक्याकडं बघत होतो.

"ब्रश मारताना पानी चमकाय लागलं. तवा हात थांबला माजा. पर तवर झालं व्हतं. सोनं कुणी मोरीत सोडतं का? फडक्यातनं गाळलं आन वाळवून ठिवलं." त्यांचा आवाज सपाट होता, माझ्यासारखाच. "त्या दिशी तुमी म्हनला, छान उजळलंय. मला कळलं, तुमी माज्यासाठी म्हनताय."

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"तुमी न्हाय बोलला म्हणून."

लेझरच्या पेटीवरच्या दिव्याचा लाल ठिपका फडक्यावर पडला होता. मी म्हणालो, "कोपऱ्यात तुमचा अंगठा होता, मामी. काच धरताना. म्हणून हे एक राहिलं."

त्यांनी आपला उजवा अंगठा बघितला. अंधारात काही दिसलं नसेल. मग फडक्याची पुन्हा घडी घातली, होती तशीच, आणि टेबलावर माझ्या हाताजवळ ठेवली.

"पुण्याचे सर काय म्हनतील? येवढंच वळलं म्हनून?"

"दुसरी मुलगी पुन्हा लिहिणार आहे. ह्यापेक्षा चांगलं वळेल तिचं."

"वळू दे. पर ह्येचा फोटू काढा."

फोटो काढायचाच होता. मी उठून पंखा बंद केला. फिकट कड नीट यायची तर कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवावा लागणार होता. मी त्यांना म्हणालो, "आता जरा वेळ हलायचं नाही. टेबलाला हात नाही, बोलणं नाही. नाहीतर चित्र फिसकटतं."

"श्वास घेतला तर चालंल नव्हं?"

"चालेल."

मी बटण दाबलं. पडदा काळा झाला. मामी दोन्ही हात मांडीवर धरून ताठ बसल्या, फोटोत बसतात तशा. खोली गरम होऊ लागली. बाहेरून आबांचा आवाज आला, "झालं का न्हाय तुमचं? ऊन उतराय लागलंय." मामींनी मान वळवली नाही. मीही उत्तर दिलं नाही. काळ्या पडद्यावर वरपासून एकेक ओळ उमटत होती, आणि वळण अजून यायचं होतं.